केप देझन्योव: आशिया जिथे संपतो तिथे एवढे प्राणी का?

नमस्कार मंडळी! मॅपवर बघा, रशिया पूर्वेला जिथे संपतो तिथे एक डोंगराळ टोक समुद्रात घुसलंय, तेच केप देझन्योव. आशियाच्या मुख्य भूमीचं सगळ्यात पूर्वेचं टोक, पण रेखांश बघितला तर 169 अंश पश्चिम, म्हणजे चक्क पश्चिम गोलार्धात! समोर अलास्का, मधे बेरिंगची सामुद्रधुनी, रुंदी साधारण 85 किलोमीटर. सेम्योन देझन्योव नावाचा कोसॅक, म्हणजे रशियाच्या झारच्या सेवेतला लढवय्या, 1648 मधे इथून होड्या घेऊन गेला, ज्याचं नाव सामुद्रधुनीला आहे त्या दर्यावर्दी बेरिंगच्या 80 वर्षं आधी, आणि टोकाला त्याचं नाव मिळालं ते थेट 1898 साली.

आता मुद्द्याचं. एवढ्या थंडीत इथे इतके प्राणी कसे काय? तर कारण आहे पाणी. सामुद्रधुनी उथळ आहे, 50 मीटरच्या आसपास, आणि पॅसिफिकचं पोषक द्रव्यांनी भरलेलं पाणी या अरुंद वाटेतून उत्तरेकडे जात राहतं, वर उन्हाळ्यात सूर्य जेमतेम मावळतो, मग सूक्ष्म वनस्पती भराभर वाढतात, त्यातलं बरंचसं खाली तळाला जातं आणि तिथल्या चिखलात शिंपले, किडे पोसले जातात. ते खायला ग्रे व्हेल पार मेक्सिकोच्या किनाऱ्यावरून येतात. वर कड्यांवर मर (murre) आणि पफिन या समुद्रपक्ष्यांची नुसती गर्दी, त्यातला मर तर घरटंसुद्धा बांधत नाही, उघड्या खडकावर एकच अंडं घालतो.

आणि वॉलरस, लांब सुळ्यांचा तो सीलसारखा प्राणी! तो डोळ्यांपेक्षा मिशांवर जास्त अवलंबून, चिखलात मिशांनी चाचपून शिंपले शोधतो. माद्या पिल्लांना तरंगत्या बर्फावर ठेवून खाली डुबकी मारतात, म्हणजे बर्फ उथळ पाण्यावर असेल तरच हे जमतं. पण हल्ली उन्हाळ्यात बर्फ उत्तरेला खोल समुद्रापर्यंत मागे हटतो, मग हजारो वॉलरस किनाऱ्यावर येऊन दाटीवाटीने पडतात. इथून वायव्येला केप सेर्द्त्से-कामेनला तर लाखाच्या घरात जमलेत. एखादं अस्वल आलं, विमान कमी उंचीवरून गेलं की सगळा कळप एकदम पाण्याकडे पळतो आणि पिल्लं चिरडली जातात. हे मला खरंच बघवत नाही.

माणसंही होती बरं का इथे. टोकाजवळच्या उतारावर नौकान नावाचं युपिक या इथल्या मूळ रहिवासी लोकांचं गाव होतं, वॉलरस आणि व्हेलच्या शिकारीवर जगणारं. 1958 मधे सोव्हिएत सरकारने ते बंद केलं आणि लोकांना दुसरीकडे हलवलं, समुद्रावर पिढ्यान्‌पिढ्या जगलेल्या माणसांना असं उठवणं मला अजिबात पटत नाही. दगडी घरांचे अवशेष अजून आहेत तिथे.

आता बर्फ कमी झाल्यावर जहाजं वाढतायत. पॅसिफिकमधून आर्क्टिकमधे शिरायला हा एकच समुद्रमार्ग, आणि जहाजांचा सीझन म्हणजे उन्हाळा ते शरद, नेमका तेव्हाच व्हेल आणि वॉलरस याच वाटेवर असतात. म्हणून इथे जहाजांचा वेग आणि वाट यांचे नियम रशिया आणि अमेरिका दोघांनी मिळून पाळायलाच हवेत.