पातेली कोणी रिकामी केली?

(दृश्य: सांतियागोच्या रस्त्यावर बायकांची गर्दी. आवाज फक्त भांड्यांचा. दहा सेकंद निवेदन नाही.)

1 डिसेंबर 1971. चिलीची राजधानी सांतियागो. हातात पातेली आणि डाव घेऊन बायका रस्त्यावर उतरल्या आहेत. अन्नधान्य मिळत नाही, घरातली भांडी रिकामी आहेत, असं त्यांचं म्हणणं. यातल्या बऱ्याचजणी शहराच्या पूर्वेकडच्या श्रीमंत वस्तीतल्या. डाव्या पक्षांची मंडळी त्यांची टर उडवत होती: बाईसाहेबांना स्वयंपाकघर कुठे आहे ते तरी ठाऊक आहे का?

टोमणा तसा खोटा नव्हता. पण दीड वर्षात गरीब वस्त्यांतली पातेलीही रिकामी झाली. ती कोणी केली, यावर पन्नास वर्षं भांडण चालू आहे. एक बाजू म्हणते, समाजवादाने. दुसरी म्हणते, अमेरिकेने.

आपण तारखांकडे बघू. या भांडणात तारखा सोयीनुसार गाळल्या जातात.

(दृश्य: हाताने लिहिलेल्या टिपणाचा कागद, जवळून.)

हा कागद 15 सप्टेंबर 1970 चा. व्हाइट हाऊसमधली बैठक, चिलीचे समाजवादी नेते साल्वादोर आयेंदे यांना सत्तेवर येऊ न देण्यासाठी. बोलतायत राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन, टिपण घेतायत सीआयएचे प्रमुख रिचर्ड हेल्म्स. मोडक्या, तुटक ओळी आहेत. यशाची शक्यता दहात एक. एक कोटी डॉलर उपलब्ध, लागले तर आणखी. आणि एक ओळ अशी की चिलीच्या अर्थव्यवस्थेला किंकाळी फोडायला लावा.

आता पुढची तारीख. आयेंदे यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली 3 नोव्हेंबर 1970 ला. म्हणजे टिपण लिहिलं गेलं तेव्हा त्यांनी एकही कारखाना ताब्यात घेतलेला नव्हता, एकही नोट छापलेली नव्हती. 36 टक्क्यांच्या आसपास मतं मिळवून ते निवडणुकीत पहिले आले होते, एवढंच. शिक्षा आधी ठरली, गुन्हा नंतर.

पण गुन्हा झाला, हेही खरं. आणि तो तपशिलात बघायला हवा, कारण आयेंदेंवर प्रेम करणारे इथे घाईघाईने पान उलटतात.

अर्थमंत्री होते पेद्रो वुस्कोविच. त्यांचं गणित वरवर साधं होतं. कारखाने पूर्ण क्षमतेने चालत नाहीत, बेकारी आहे. मग पगार वाढवा, दर गोठवा. लोक खरेदी करतील, यंत्रं फिरतील. पहिल्या वर्षी हे चाललंसुद्धा. 1971 मध्ये उत्पादन 8 टक्क्यांहून जास्त वाढलं, महागाई आधीच्या वर्षापेक्षा उतरली, प्रत्येक मुलाला रोज अर्धा लिटर दूध देण्याची योजना सुरू झाली. लोकांच्या हातात पैसा खेळू लागला.

तो पैसा येत होता मध्यवर्ती बँकेच्या छापखान्यातून. कारखान्यांची रिकामी क्षमता भरली, की पुढच्या नोटेमागे माल नसतो. दर गोठवलेले, म्हणून माल दुकानातून मागच्या दाराने काळ्या बाजारात जातो. रांग दिसली की आधी उभं राहायचं, काय मिळतंय ते मग विचारायचं, अशी वेळ आली. 1972 ची महागाई 160 टक्क्यांच्या पुढे गेली. 1973 मध्ये सरकारी तूट सकल उत्पादनाच्या चौथाईच्या आसपास पोचली. ही आकडेमोड सांतियागोतच झाली. त्यासाठी कुठल्या गुप्तहेराची गरज नव्हती.

(दृश्य: चुकिकामाता. उघडी खाण, पायऱ्यापायऱ्यांची. तळाशी मुंगीएवढे ट्रक.)

आता तांबं. चिलीच्या निर्यातीचा मोठा भाग तांब्याचा, आणि मोठ्या खाणी अॅनाकोंडा आणि केनेकॉट या अमेरिकी कंपन्यांकडे. 11 जुलै 1971 ला संसदेने त्या राष्ट्रीयीकृत केल्या. एकमताने! उजव्यांनीसुद्धा बाजूने मत दिलं. खटका उडाला भरपाईवर. सरकारने जुन्या वर्षांचा 12 टक्क्यांवरचा नफा ‘अतिरिक्त’ धरून भरपाईतून वजा केला, आणि मोठ्या खाणींच्या बाबतीत हिशेब असा बसला की कंपन्यांना एक छदामही देणं निघेना. केनेकॉटने पुढे फ्रान्सच्या कोर्टात जाऊन चिलीच्या तांब्याच्या पैशावर टाच आणण्याचा प्रयत्न केला.

त्यातच तांब्याचा जागतिक भाव 1970 ते 1971 मध्ये जवळपास चौथाईने पडला. दुष्काळात तेरावा महिना. यात ना आयेंदेंचा हात होता, ना निक्सनचा.

अशा वेळी देश कर्ज काढतो. चिलीचा तो दरवाजा बंद होत होता. अमेरिकेच्या सिनेटच्या समितीनेच 1975 मध्ये हे आकडे मांडले: 1969 मध्ये 3.5 कोटी डॉलरची अमेरिकी मदत 1971 मध्ये 15 लाखांवर आली. अमेरिकेच्या निर्यात-आयात बँकेची कर्जं 1967 मध्ये 23 कोटींच्या वर होती, 1971 मध्ये शून्य. चिलीच्या सैन्याला मिळणारी मदत मात्र चालूच राहिली. हे आकडे शेजारी ठेवले की हेतू वेगळा विचारावा लागत नाही.

युरोपातून, सोव्हिएत गटाकडून कर्ज मिळालं. पण रशियन कर्जातून अमेरिकी ट्रकचा सुटा भाग येत नाही. 1972 च्या अखेरीस चुकिकामाताच्या डिझेल ट्रकपैकी जवळपास एक तृतीयांश टायर आणि सुट्या भागांअभावी उभे होते, सरकारी बसगाड्यांचीही तीच गत. वरच्या दृश्यातले ते ट्रक पुन्हा एकदा बघा. त्यातला दर तिसरा बंद.

आणि ऑक्टोबर 1972 मध्ये ट्रकमालकांनी संप केला. लांबट, अरुंद देश, बराचसा माल रस्त्याने. देश ठप्प झाला. सरकार आपले ट्रक ताब्यात घेईल, ही त्यांची भीती खरी होती. आणि संपाला पाठिंबा देणाऱ्या काही खासगी संघटनांना सीआयएचा पैसा मिळत होता, हेही त्याच सिनेट समितीने नोंदवलं.

माझं मत विचाराल तर भिंत सरकारने स्वतःच पोखरली होती. मात्र टेकू काढून घेणारा हात बाहेरचा होता, आणि तो भिंत पोखरायच्या आधीपासून टेकूवर होता. किती टक्के कोणाचं, असं विचारणाऱ्यांना उत्तर हवं नसतं, निकाल हवा असतो.

(दृश्य: 11 सप्टेंबर 1973. राष्ट्राध्यक्षांच्या ला मोनेदा प्रासादावर बॉम्ब. मग भरलेल्या दुकानांच्या फळ्या.)

सैन्याने सत्ता घेतली, आयेंदे मृत्युमुखी पडले. आणि थोड्याच दिवसांत गायब झालेला माल दुकानांत परत आला. बघा, दर मोकळे केल्याचा परिणाम, एक बाजू म्हणाली. बघा, साठेबाजी केली होती, दुसरी म्हणाली. माल तोच. भाव मात्र असे की गरीब घरातलं पातेलं रिकामंच राहिलं.

समाजवाद गेला, अमेरिकेची मदत परत सुरू झाली. तरी 1974 ची महागाई 300 टक्क्यांच्या वर, आणि 1975 मध्ये उत्पादन सुमारे 13 टक्क्यांनी कोसळलं.

सत्ता घेणाऱ्या सैन्याचे प्रमुख जनरल पिनोशे यांच्या राजवटीने अमेरिकी कंपन्यांना भरपाई दिली. आयेंदेंनी घेतलेल्या खाणी मात्र परत दिल्या नाहीत. 1976 मध्ये त्या कोदेल्को या सरकारी कंपनीकडे गेल्या, आणि तिच्या तांब्याच्या विक्रीतला 10 टक्के वाटा कायद्याने सैन्याला मिळत राहिला.

(दृश्य: चुकिकामाता. ट्रक चालू आहेत.)