नववर्षाला रिकामी होणारी महानगरे

बीजिंगच्या जुन्या भागातील ही एक अरुंद गल्ली. येथे अशा गल्ल्यांना हुथोंग म्हणतात. एरवी पहाटेपासून वाफाळणारे नूडल्सचे दुकान आज बंद आहे, आणि शटरवर डकवलेल्या तांबड्या कागदावर काळ्या शाईने लिहिले आहे: नववर्षाच्या शुभेच्छा, दुकान पहिल्या महिन्याच्या आठव्या दिवशी उघडेल.

चिनी नववर्ष, म्हणजेच वसंतोत्सव, २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी या काळात अमावास्येला सुरू होतो. आपल्या पंचांगाप्रमाणेच तेथेही अधिक महिना धरून चांद्रमासांचा सूर्याशी मेळ घातला जातो. २०२५ साली त्यांचे नववर्ष २९ जानेवारीला, आपल्या पौष अमावास्येच्याच दिवशी आले होते.

या सणाच्या आगेमागे चाळीस दिवस देशभर जी प्रवासाची लाट उसळते, तिला चुनयुन म्हणतात. बीजिंग, शांघाय, ग्वांगझू या शहरांतील इमारती बांधणारे, घरोघरी जेवण पोहोचवणारे आणि उपाहारगृहांत राबणारे असंख्य लोक या काळात गावाकडे निघतात. १९५८ पासून लागू असलेल्या हुखोउ या कुटुंबनोंदणीच्या पद्धतीमुळे बाहेरून आलेल्या कामगारांच्या मुलांना शहरातील सरकारी शाळेत प्रवेश मिळणे कठीण जाते. त्यामुळे कित्येक मुले गावी आजी-आजोबांजवळ वाढतात, आणि अनेक आईबापांना आपले मूल किती उंच झाले ते वर्षातून एकदा, याच सुट्टीत दिसते. म्हणूनच रिकाम्या रस्त्यांची ही शांतता केवळ छायाचित्रांपुरती पाहून पुढे जाणे आम्हाला बरे वाटत नाही.

सगळेच बीजिंग मात्र सामसूम नसते. जुन्या सम्राटांच्या राजवाड्याची तिकिटे पासपोर्टच्या क्रमांकावर आधीच काढावी लागतात, आणि दीथान उद्यानातील जत्रेत साखरेच्या पाकात घोळवलेली आंबटगोड लाल फळे काडीला टोचून विकली जातात. शिच्छाहाय तलाव गोठला की त्यावर लोखंडी पट्ट्यांच्या बैठ्या गाड्या येतात. मुलांना पुढे बसवून, हातातील दोन टोकदार सळया बर्फावर रोवत आजोबा गाडी पुढे रेटतात, आणि बर्फावर उमटणारा करकर आवाज काठापर्यंत ऐकू येतो.

शांघायला जाणाऱ्या प्रवाशाने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. छिनलिंग पर्वत आणि ह्वाय नदी यांच्या उत्तरेकडील शहरांत घरे उबदार ठेवण्याची सार्वजनिक व्यवस्था आहे, आणि बीजिंगमध्ये ती साधारण १५ नोव्हेंबर ते १५ मार्च चालते. शांघाय त्या रेषेच्या दक्षिणेला असल्याने तेथील थंडी आकड्यांनी सौम्य असली, तरी दमट हवेमुळे घरात बसूनही हाडांपर्यंत पोहोचते.

सुट्टी संपत आली की बीजिंगच्या पश्चिम रेल्वे स्थानकावर परतणाऱ्यांची रीघ लागते. जाताना त्यांच्या हातात मुलांसाठी घेतलेल्या भेटी होत्या. येताना पिशव्यांमध्ये घरी वाळवलेले मांस, लोणच्याच्या बरण्या आणि फुटू नयेत म्हणून तांदळात पुरून आणलेली अंडी आहेत. बाहेर येताच त्या पिशव्या सांभाळत माणसे भुयारी रेल्वेच्या जिन्याकडे वळतात.