शंभरने चालवायचं, पण कुठे?

(दृश्य: चालत्या कारचा डॅशबोर्ड. काटा 78, 79, 80.)

काटा 80 च्या पुढे सरकला आणि गाडी वाजली. 1 जुलै 2019 नंतर बनलेल्या प्रत्येक कारमध्ये हा इशारा कंपनीतूनच बसवून येतो. 80 ओलांडले की थोड्या थोड्या वेळाने वाजतो, 120 ओलांडले की थांबतच नाही. धुळ्याहून जळगावकडे जाताना फागणे मागे पडलं, रस्ता मोकळा झाला, की तो वाजायला लागतो. मग मागच्या सीटवरून कोणीतरी म्हणतंच, "एवढा चौपदरी रस्ता केला, अन् चालवायचं ऐंशीनेच का?"

प्रश्न रास्त आहे. सुरत–नागपूर महामार्गाने खान्देशची फार परीक्षा पाहिली. पूर्वीचा सहा नंबर, आता 53. तरसोद ते फागणे या टप्प्याचं काम वर्षानुवर्षं रेंगाळलं. पारोळा, एरंडोल, पाळधीच्या लोकांनी खड्डे खाल्ले, धूळ खाल्ली, कंबरदुखी सोसली. आता रस्ता झाला, टोलही भरतोय, तर वेगाची मर्यादा वाढवा, असं माणसाला वाटलं तर त्यात चूक काय?

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. केंद्राने 6 एप्रिल 2018 ला अधिसूचना काढली. तिच्यात कारसाठी द्रुतगती मार्गावर 120, दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर 100 आणि बाकी रस्त्यांवर 70 अशी कमाल मर्यादा आहे. चौपदरीवर बसला 90, ट्रकला 80, मोटारसायकलला 80, रिक्षाला 50. हे वरचे आकडे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 112 प्रमाणे राज्य सरकारला एखाद्या ठिकाणी यापेक्षा कमी मर्यादा ठरवता येते.

म्हणजे कागदावर चौपदरीवर कारला शंभर आहेतच. वाद फलकावर लागलेल्या कमी आकड्यांचा आहे, आणि शंभरच्या पुढच्याही. 2021 मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी द्रुतगती मार्गावर 140 पर्यंत मर्यादा असावी असं स्वतःचं मत जाहीरपणे मांडलं. त्याच वर्षी मद्रास उच्च न्यायालयाने 2018 ची ती अधिसूचनाच रद्द ठरवणारा निकाल दिला होता. वेग वाढला की जीव जास्त जातात, हा न्यायालयाचा मुद्दा. एकाच वर्षात एकाच देशात ही दोन टोकं.

वेग वाढवा म्हणणाऱ्यांची बाजू हलकी नाही. 1 एप्रिल 2019 पासून प्रत्येक नव्या कारला एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा आहे. एअरबॅग आहेत, टायर चांगले आहेत. जुन्या ॲम्बेसेडरच्या जमान्यातले आकडे आजच्या गाडीला का लावायचे? शिवाय रुंद रस्त्यावर कमी आकड्याचा फलक लावला तर तो कोणी पाळत नाही, आणि एक फलक पाळायचा नाही अशी सवय लागली की माणूस दुसराही पाळत नाही.

फलकांबद्दल तर गाडीवाल्यांची तक्रार मी शंभर टक्के मान्य करतो. रस्त्याचं काम चालू असताना 40 चा फलक लागतो. काम संपतं, मजूर जातात, डंपर जातो, फलक तिथेच राहतो. पुढे दोन किलोमीटरवर 80, मग अचानक 60, आणि त्याच्या जवळच स्पीडगन घेऊन उभी गाडी. घरी पोचेपर्यंत मोबाइलवर चलान. कारला वेगाबद्दल कायद्याने 1,000 ते 2,000 रुपये दंड आहे, अवजड वाहनाला 2,000 ते 4,000. दंडाला कोणाची ना नाही. पण इथे 60 का, हे रस्त्याकडे पाहून कळत नसेल तर माणसाला तो दंड वाटत नाही, वसुली वाटते. अशा फलकांनी कायद्याची पत घालवली आहे.

आता दुसरी बाजू, आणि ती हिशेबाची आहे.

(दृश्य: मोकळा रस्ता, डांबरावर खडूने ओढलेली रेघ.)

समोर काहीतरी आडवं आलं. डोळ्याने पाहून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरा. रस्ता कोरडा, टायर चांगले, ब्रेक कडक. 80 ने येणारी कार साधारण 57 मीटरवर थांबते. 100 ने येणारीला 83 मीटर लागतात, 120 ने येणारीला 113.

पण खरा आकडा यापुढे आहे. 80 ची कार जिथे पूर्ण थांबली, त्या 57 मीटरच्या रेघेवर 100 ची कार किती वेगात असेल? वीस? पंचवीस? नाही. अजून सुमारे 68. ब्रेक पूर्ण दाबलेला असताना 68. फलकावर वाढवले फक्त वीस, आणि त्या रेघेवर उभ्या असलेल्या माणसाला लागणारा धक्का शून्यावरून 68 वर गेला. एअरबॅग आतल्यांसाठी असते. त्या रेघेवर शेळ्या घेऊन उभ्या असलेल्या पोरासाठी नसते.

आणि या सगळ्याच्या बदल्यात मिळतं काय? धुळे–जळगाव साधारण 90 किलोमीटर. पूर्ण रस्ता एकसारख्या 80 ने कापला तर 68 मिनिटं, 100 ने कापला तर 54. वाचली 14 मिनिटं. तीही कागदावर, कारण एकसारख्या वेगाने हा रस्ता कोणी कापत नाही. मध्ये पारोळा आहे, एरंडोल आहे, पाळधीची गर्दी आहे. मुकटी गावाजवळ वाचवलेली मिनिटं जळगावच्या सिग्नलवर जातात.

खान्देशचा रस्ता म्हणजे नुसतं डांबर नव्हे. त्याच्या एका बाजूला गाव आणि दुसऱ्या बाजूला त्याच गावाचं शेत. महामार्ग रुंद झाला, पण विहीर पलीकडेच राहिली, गोठा पलीकडेच राहिला, शाळाही कुठे कुठे पलीकडेच. म्हणून दुभाजकात कट पडतात. काही अधिकृत, काही लोकांनी रात्रीतून दगड काढून केलेले. वळायचा अधिकृत रस्ता दोन किलोमीटर पुढे असेल तर दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल कडेकडेने उलट्या बाजूने येणारच. तिला शिव्या देऊन प्रश्न सुटत नाही. रस्ता आखताना तिचा विचार कोणी केला नाही, ही मूळ गोष्ट आहे.

(दृश्य: दुभाजकातला कट. डोक्यावर चाऱ्याचा भारा घेतलेली बाई. कॅमेरा तिच्या मागे, तिच्या नजरेने रस्त्याकडे.)

या कटवर थोडं थांबू. एका बाजूचे दोन पदर आणि साइडपट्टी मिळून अंतर साधारण नऊ मीटर. डोक्यावर भारा असलेल्या बाईला ते ओलांडायला आठेक सेकंद लागतात. ती उजवीकडे पाहते. दोनशे मीटरवर कार आहे. कार किती लांब आहे हे तिला दिसतं, पण सरळ अंगावर येणारी गाडी किती वेगात आहे हे डोळ्याला नीट कळत नाही, तुमच्याही नाही आणि माझ्याही नाही. आजवरच्या अनुभवाने ती ठरवते की एवढ्या अंतरात आपण पोचतो. कार 80 ची असेल तर तिच्याकडे नऊ सेकंद आहेत. ती पोचते. कार 100 ची असेल तर सात सेकंद आणि थोडे वर. बाई तीच, अंतर तेच, अंदाजही तोच. तिला कोणी सांगितलेलंच नाही की फलकावरचा आकडा बदलला.

रात्री यात अंधाराची भर पडते. कापसाच्या दिवसांत जिनिंगकडे निघालेल्या ट्रॉल्या, शहादा-तळोद्याकडे उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर. वेग वीस-पंचवीस. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर मातीने झाकलेला. समोरून वाहन येत असेल तर आपण डिपरवर, म्हणजे खाली पाडलेल्या दिव्यावर असतो, आणि डिपरचा उजेड जेमतेम चाळीस-पन्नास मीटर. 100 च्या कारला थांबायला 83 लागतात, हे आत्ताच पाहिलं. म्हणजे उजेडाच्या पलीकडे काय आहे ते न पाहताच आपण तिथे पोचत असतो.

अपघातांची आकडेवारी याच दिशेने बोलते. 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली. त्यांतल्या 71 टक्क्यांहून जास्त मृत्यूंच्या नोंदीत कारण अतिवेग असं लिहिलेलं आहे. पोलिसांच्या पंचनाम्यात अतिवेग हे सोपं कारण असतं, हे खरं. चुकीचा कट, बंद दिवा, नसलेला फलक हे त्या रकान्यात बसत नाहीत. तरी त्याच वर्षीचा आणखी एक आकडा टाळता येत नाही: राष्ट्रीय महामार्ग देशातल्या एकूण रस्त्यांच्या सुमारे दोन टक्के, आणि मृत्यू 36 टक्के. मेलेल्यांत सगळ्यात मोठा गट दुचाकीवाल्यांचा, साधारण 44 टक्के. कारचा वेग वाढवायचा की नाही, या चर्चेत कारवाले बोलतात. मरणाऱ्यांत मोटारसायकलवाले आणि पायी चालणारे जास्त.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की रस्त्यावरचा सरासरी वेग एक टक्का वाढला की जीवघेण्या अपघातांचा धोका सुमारे चार टक्के वाढतो.

प्रत्येक अपघात मर्यादेच्या फलकाने टळला असता, असं मी म्हणणार नाही. जुलै 2023 मध्ये मुंबई–आग्रा महामार्गावर शिरपूर तालुक्यातल्या पळासनेरला एक कंटेनर गाड्यांना ठोकरत हॉटेलात घुसला, किमान 10 माणसं गेली. ब्रेक निकामी झाले होते. बिजासन घाटाकडून खाली येणाऱ्या अवजड गाडीला फलक थांबवत नाही. तिथे उतारावर लहान गिअर लागतो, डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करण्याची सवय मोडावी लागते, ब्रेक तपासायला घाटाच्या वर जागा लागते. फेब्रुवारी 2021 मध्ये यावल तालुक्यात किनगावजवळ पपईने भरलेला ट्रक उलटला. मालावर बसून घरी निघालेले किमान 15 मजूर दबून मेले. मजुरांना मालावर बसवून नेणंही फलकाने थांबत नाही.

मग वेग वाढवायचाच नाही का? वाढवा. जिथे रस्ता त्याच्यासाठी बांधलाय तिथे वाढवा. समृद्धी महामार्गावर कारला 120 आहेत, कारण दोन्ही बाजूंना कुंपण आहे, दुचाकीला मनाई आहे, कट नाहीत. तरीही 1 जुलै 2023 ला मध्यरात्रीनंतर बुलढाणा जिल्ह्यात तिथे बस पेटून 25 माणसं गेली, तेव्हा कुंपण घातलं की झालं असंही नाही. पण तिथे निदान चाऱ्याचा भारा घेतलेली बाई समोर येत नाही. समृद्धी खान्देशातून जात नाही. आपल्याकडे 53 नंबर जातो, मुंबई–आग्रा जातो, कन्नड घाट उतरून येणारा चाळीसगावचा रस्ता आहे, आणि केळीच्या पट्ट्यातून रावेर, सावदा, फैजपूर, यावल, चोपडा असा अंकलेश्वर–बुऱ्हाणपूर रस्ता आहे. या शेवटच्या रस्त्यावर घड भरलेले ट्रक, काळी-पिवळी, शाळेच्या सायकली आणि ट्रॅक्टर यांच्यामध्ये दुभाजकसुद्धा नाही. समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्या 70-70 ने आल्या तरी जवळ येण्याचा वेग 140 असतो.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. अख्ख्या महामार्गाला एक आकडा लावू नका. ज्या पाच-दहा किलोमीटरमध्ये एकही कट नाही, सर्व्हिस रोड आहे, गावाला पलीकडे जायला भुयारी मार्ग आहे, तिथे शंभरचा फलक लावा आणि तो खरा माना. जिथे गाव रस्त्याला चिकटलेलं आहे, तिथे 50 करा, आणि ते का केलं हे रस्त्यावर दिसू द्या: पांढरे पट्टे, खडबडीत पट्टे, दिवे. काम संपल्यावर विसरलेला प्रत्येक 40 उपटून काढा. मुख्य म्हणजे क्रम उलटा नको. आधी भुयारी मार्ग, मग वेग. जळगाव शहरातून जाणाऱ्या जुन्या महामार्गाला समांतर रस्ते मिळावेत म्हणून लोकांना आंदोलनं करावी लागली. आकाशवाणी चौक, इच्छादेवी चौक, अजिंठा चौफुली ही नावं जळगावात अपघातांच्या बातम्यांमुळेच जास्त ऐकली गेली. वाहनं आधी वाढली आणि सोय नंतर आली, की असं होतं.

(दृश्य: रस्त्याकडेचा किलोमीटरचा दगड. हातातल्या वहीत आकडा लिहिला जातोय.)

सरकारी व्याख्येत 500 मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा दहा जीव गेले, की तो ब्लॅक स्पॉट ठरतो. एवढी वाट पाहायची गरज नाही. कोणता कट वाईट आहे हे गावातल्या दुधवाल्याला आणि शाळेतल्या पोरांना आधीच माहीत असतं. जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा लिहा, दिवसाचा आणि रात्रीचा फोटो काढा, ग्रामसभेचा ठराव जोडा आणि जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे द्या. ती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली बसते आणि महामार्गाचे अधिकारीही तिथे उत्तर द्यायला असतात. बंद पडलेला दिवा, तुटलेला दुभाजक, उलटलेली ट्रॉली यांच्यासाठी 1033 हा महामार्गाचा क्रमांक आहे. तो फोनमध्ये आत्ताच साठवून ठेवा. आणि पुढच्या बैठकीत कोणी खान्देशात वेग वाढवायची मागणी मांडली, तर त्यांना एवढंच विचारा: कोणत्या किलोमीटरपासून कोणत्या किलोमीटरपर्यंत, आणि त्या मधल्या गावांनी रस्ता कुठून ओलांडायचा?