केसपेपरवर रेघ मारतात, पुसत नाहीत

या, पुढे या, पुढच्या रांगा रिकाम्याच आहेत. विषय असा ठरलाय की पेशंटच्या रेकॉर्डसाठी डेटाबेस कुठला घ्यायचा, मायएसक्यूएल, पोस्टग्रेस की मोंगो. त्यावर येतोच, पण आधी एक गोष्ट सांगू द्या, त्याशिवाय मला हा विषय बोलताच येत नाही.

आमच्या अण्णांना सल्फाच्या गोळ्यांची ॲलर्जी. पहिल्यांदा ओठ सुजले, अंगभर पुरळ, ॲडमिट करावं लागलं, तेव्हा तिथल्या सॉफ्टवेअरमध्ये रीतसर नोंद झाली. दोन वर्षांनी त्याच हॉस्पिटलात दुसऱ्याच कारणाने नेलं. काउंटरवर नवीन मुलगी, तिने फॉर्म उघडला, फोन नंबर बदलला, ॲलर्जीपुढे आपोआप येणारं 'नाही' तसंच राहिलं, आणि सेव्ह. एक अपडेट क्वेरी, म्हणजे जुन्यावर नवं लिहायचा हुकूम, आणि सल्फा गायब. आईच्या पिशवीत जुना केसपेपर होता, घडी घालून प्लॅस्टिकमध्ये ठेवलेला, त्यावर लाल पेनाने लिहिलेलं, सिस्टरने ते वाचलं आणि गोळी थांबली. नंतर मी सॉफ्टवेअरवाल्यांना म्हटलं आधीची नोंद दाखवा, तर म्हणे सर ती नाहीये, ओव्हरराइट झाली. त्या मुलीचा काय दोष हो? मला राग आला तो टेबल डिझाइन करणाऱ्याचा, आजही येतो.

कागदावर काय करतात बघा. डॉक्टर चुकले तर एक रेघ मारतात, खालचं वाचता येईल अशी, शेजारी सही आणि तारीख. व्हाइटनर चालत नाही. मग कॉम्प्युटरवर आल्यावर व्हाइटनर का चालावा?

आणि पेशंटचा डेटा कसा ठेवायचा हा विचार फार जुना आहे. १९६६च्या सुमारास बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये मम्प्स नावाची सिस्टिम बनायला लागली, गालगुंड आठवलं ना, हो, इंग्रजीत नाव तेच! त्यांनी पेशंटचा डेटा झाडासारखा ठेवला, पेशंटखाली व्हिजिट, व्हिजिटखाली तपासण्या, कुणाच्या दोन कुणाच्या दोनशे, ठरावीक रकान्यांत ते बसतच नाही. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलांची रेकॉर्डची सिस्टिम, व्हिस्टा, त्याच्यावरच उभी राहिली.

पण मला जवळचं वाटतं ते ओपनएमआरएस, पेशंटच्या रेकॉर्डचं सॉफ्टवेअर. २००४ला सुरू झालं, केनियातल्या एल्डोरेटचे आणि अमेरिकेतल्या इंडियानाचे लोक मिळून, एचआयव्हीच्या पेशंटसाठी. खाली साधं मायएसक्यूएल. त्यात ऑब्स नावाचं टेबल आहे, प्रत्येक निरीक्षण वेगळी रो, म्हणजे टेबलातली एक ओळ, कोणाचं, कशाचं, कधी घेतलं, किती आलं. आणि नोंद दुरुस्त केली की जुनी रो 'व्हॉइड', म्हणजे रद्द, म्हणून राहते, नवी तिच्याकडे बोट दाखवते. म्हणजे रेघच मारली की नाही? छत्तीसगडच्या गनियारीतल्या हॉस्पिटलात बहमनी नावाचं जे सॉफ्टवेअर वापरायला लागले त्याच्या पोटात हेच ओपनएमआरएस आहे. तोटा सांगतो, रिपोर्ट काढताना त्या उभ्या रो आडव्या करताना घाम फुटतो.

चिठ्ठी आली, सात मिनिटं उरलीत. बरं, पटापट.

साइजला घाबरू नका. रोज ३०० ओपीडी, वर्षाला ३०० दिवस, व्हिजिटला ३० नोंदी धरा, दहा वर्षांत २ कोटी ७० लाख रो, पोस्टग्रेसला हे काहीच नाही, नीट इंडेक्स, म्हणजे पटकन शोधायची सूची, लावा म्हणजे झालं. एक्सरे-सीटी डेटाबेसमध्ये कोंबू नका, ते पॅक्समध्ये, म्हणजे अशा चित्रांच्या वेगळ्या साठ्यात, इथे फक्त पत्ता. मोंगो वाईट नाही, पण ॲडमिशन, बिल, औषधाचा स्टॉक एकाच वेळी बदलतात तिथे ट्रान्झॅक्शन पक्कं लागतं, म्हणजे सगळे बदल होतील नाहीतर एकही नाही, आणि ते मोंगोत एकाहून जास्त डॉक्युमेंटसाठी, म्हणजे नोंदींसाठी, २०१८ला आलं. आयुष्मान भारत डिजिटल मिशनला जोडायचं तर डेटा फायर नावाच्या, आरोग्याची माहिती देण्याघेण्याच्या ठरलेल्या साच्यात द्यावा लागतो, तो जेसन या मजकुराच्या साध्या रचनेत ठेवता येतो, आणि जेसन ठेवायला पोस्टग्रेसचं जेसनबी २०१४पासून आहे, त्यामुळे दोन डेटाबेस सांभाळायची गरज नाही. म्हणून माझं मत पोस्टग्रेस, आणि ॲपच्या युजरला क्लिनिकल टेबलांवर अपडेट-डिलीटची परमिशनच देऊ नका, फक्त इन्सर्ट आणि सिलेक्ट, म्हणजे नवं लिहा आणि वाचा, एवढंच.

बॅकअप घेता तो महिन्यातून एकदा दुसऱ्या मशीनवर रिस्टोर करून बघा. प्रश्नांना वेळ उरला नाही, मी खाली चहापाशी आहे, ज्यांचं सॉफ्टवेअर चालू आहे त्यांनी ॲलर्जीच्या टेबलचं स्ट्रक्चर मोबाईलवर घेऊन या, बसून बघू.