मिरगाच्या आधीची लाकडं

(दृश्य : जुलैतली सकाळ, परसदारी पाऊस, न्हाणीच्या चुलीतला जाळ)

जुलै महिना आहे, सिंधुदुर्गातलं कुठलंही घर घ्या. चार दिवस ऊन नाही, दोरीवरचे कपडे वास मारायला लागलेत, डब्यातलं मीठ पाझरतंय. अशा दिवसांत घरात एकच जागा सुकी आणि उबदार असते, ती म्हणजे न्हाणीची चूल. वर हंडा, बाजूला दांडीवर पोरांचे युनिफॉर्म वाळत घातलेत, आणि मांजर तर तिथून हलायचं नावच घेत नाही. गॅस आता घरोघरी आलाय, 2016 ला गॅसजोडणीची उज्ज्वला योजना आली त्यानंतर तर अजूनच, पण सहा माणसांच्या आंघोळीचं पाणी रोज सिलिंडरवर कोण तापवणार, परवडायला नको का. म्हणून लाकूड. आणि या चुलीची तयारी शिमगा झाला की लगेच सुरू होते, तीच आज दाखवायचीय.

(दृश्य : मार्च अखेर, बागेत मोडून पडलेली फांदी, कुऱ्हाड)

वठलेला काजू, वाऱ्याने मोडलेली आंब्याची फांदी, बांधावरची ऐन, किंजळ अशी झाडं, असं जे मिळेल ते. ठरावीक जातींची झाडं तोडायला परवानगी लागते, 1964 पासूनचा कायदा आहे तसा, त्यामुळे जास्त करून फांद्या आणि पडझडच. आंबा भरभर जळतो, निखारा फार टिकत नाही. ऐन पेटायला वेळ घेतो पण एकदा धरला की निखारा कितीतरी वेळ राहतो. पांगारा नुसता भपकन जातो.

(दृश्य : ऐनाचं ताजं कापलेलं टोक, अगदी जवळून)

हे टोक बघा. आजच कापलंय, हात लावला तर गार लागतं, एकही चीर नाही. ताज्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मं पाणी असू शकतं. म्हणजे वीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन बाई चढण चढून येते तेव्हा त्यातलं आठ-दहा किलो ती नुसतं पाणी वाहत असते, आणि हे मला खरंच फार लागतं, कारण माझ्या आईची मान त्यातच गेली. बरं ते पाणी तसंच चुलीत गेलं तर अजून वाईट. एक लिटर पाण्याची वाफ करायला जेवढी उष्णता लागते ना, तेवढ्यात 25 लिटर पाणी आंघोळीइतकं गरम होतं, दीड-दोन बादल्या झाल्या की! शिवाय जाळ थंड पडतो, लाकडातून निघणारा वायू पुरता जळत नाही आणि त्याचाच तो डोळ्यांत जाणारा धूर होतो. बायका फुंकणीने फुंकून फुंकून बेजार आणि घरचे म्हणणार चूलच वाईट.

म्हणून आधी तुकडे करायचे, दीड-दोन फुटांचे, आणि ओलं असतानाच फोडायचं. ऐन वाळला की कुऱ्हाड उडते त्याच्यावरून, मग पाचर ठोकत बसा. लाकडातल्या नळ्या उभ्या असतात, पाणी जास्त करून टोकांतून जातं, साल काही त्याला बाहेर सोडत नाही, त्यामुळे अख्खा ओंडका वर्षभर पडून राहिला तरी आत ओला तो ओलाच.

(दृश्य : जांभ्याच्या चिऱ्यांवर रचलेली रास)

रचायचं कसं तर खाली चिरे, त्यावर दोन आडवे वासे, जमिनीला लाकूड टेकलं की वाळवी आलीच म्हणून समजा. दोन्ही टोकांना आडवी-उभी घालून खांब करायचे आणि मधे फोडी, त्याही खेटून खेटून नाही, वारा फिरला पाहिजे. एप्रिल-मेच्या उन्हात दोन-अडीच महिने मिळतात, फोडलेल्या लाकडाला ते पुष्कळ होतात. एका वर्षी मी शहाणपणा करून ओल्या राशीला वरपासून खालपर्यंत ताडपत्री गुंडाळली होती. उघडली तर आत पांढरी बुरशी आणि कुबट वास, सगळं परत पसरावं लागलं. झाकायचं ते फक्त वरून, झावळ्यांच्या झापांनी किंवा पत्र्याने, बाजू मोकळ्या.

आणि राशीत हात घालताना आधी काठीने हलवा, विनोद नाही हा. फुरसं म्हणजे विषारी साप असतो, लाल विंचू असतो. याच कोकणात, महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरून किती माणसं वाचवली, त्याआधी विंचवाने माणूस जायचा, पोरं तर जास्तच.

वाळलं की नाही ते असं कळतं, टोकाला मधून बाहेर चिरा गेलेल्या, साल सुटायला आलेली, आणि दोन फोडी एकमेकींवर आपटल्या की टणकन वाजतात. ओलं लाकूड धप् करतं. ऐका... आणि आता हे.

(दृश्य : जूनचा पहिला आठवडा, आभाळ भरलेलं, लाकडं आत नेण्याची घाई)

7 जूनच्या आसपास मृग लागतो. शेजारची काकी कुंपणावरनं ओरडते, “मिरग इलो गो, लाकडां भितर घेतलंस काय?” मग सगळं घर रांगेत उभं राहतं, हातोहात लाकडं पडवीत. कारण सुकं लाकूड पावसाळी हवेतला ओलावा परत ओढून घेतं, उघड्यावर राहिलं तर दोन महिन्यांची मेहनत गेली.

(दृश्य : पुन्हा न्हाणीची चूल)

आता पेटवणं. खाली वाळलेलं नारळाचं सोडण, म्हणजे वरचं साल, त्यावर चुडतं, म्हणजे माडाच्या सुक्या झावळ्या, एखादी करवंटी, मग दोनच फोडी, टोकं जवळ पण मधे फट ठेवून. चूल कोंबून भरायची नाही, हवा शिरली पाहिजे. पाणी तापलं की फोडी बाहेर ओढून घ्यायच्या, आणि उद्याची लाकडं आजच चुलीशेजारी ऊब घ्यायला ठेवायची, आई अजून रोज रात्री ठेवते.

पडवीतली रास आता माझ्या कमरेपर्यंत आलीय. गणपतीला अजून दीड महिना आहे, पाहुणे येणार, पाणी जास्त लागणार. आई येता-जाता राशीकडे बघते, हाताने वीत मोजते आणि आत जाते.