शोधनिबंधाचा हक्क कुणाच्या हाती?

(बडोद्यातील मराठी संशोधक विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मित्रहो, १९१६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने गायकवाड ओरिएंटल सीरिज ही जुन्या ग्रंथांची माला सुरू झाली. तिचा पहिला ग्रंथ प्राचीन संस्कृत लेखक राजशेखराची ‘काव्यमीमांसा’, संपादक चिमणलाल दलाल. राजशेखराच्या मूळ शब्दांवर आज कुणाचीच मालकी नाही. पण पोथ्या ताडून पाहणं, पाठ ठरवणं, टीपा लिहिणं हे काम संपादकाचं. अशा कामावर स्वामित्वहक्क (कॉपीराइट) मिळतो का, हा प्रश्न २००७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला, ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात. तिथे विषय निकालपत्रांच्या संपादित प्रतींचा होता. नुसती मेहनत पुरेशी नाही, संपादकाचं कौशल्य आणि निर्णयबुद्धी दिसली पाहिजे, असं न्यायालय म्हणालं. परिच्छेद पाडण्याला संरक्षण मिळालं, छपाईच्या चुका सुधारण्याला नाही. तुमच्यापैकी जे मोडी कागद वाचतात त्यांनी हे ध्यानात ठेवावं. नुसत्या लिप्यंतरावरच्या हक्काबद्दल वाद होऊ शकतो. तुम्ही लिहिलेल्या टीपा आणि प्रस्तावना मात्र तुमच्याच.

आणि हेच आपण एका सहीत देऊन टाकतो.

नियतकालिकाकडून निबंध स्वीकारल्याचा मेल येतो, सोबत हक्क लिहून देण्याचा एक फॉर्म असतो. वर्षभर वाट पाहिलेली असते, बढतीचे गुण डोळ्यांपुढे असतात. कोण वाचत बसतो? पण एकदा तरी ओळ न् ओळ वाचा. पुष्कळ फॉर्मांत मजकूर असा असतो: सर्व हक्क, संपूर्ण जगासाठी, हक्काच्या पूर्ण मुदतीसाठी, सर्व भाषांत. आपल्याकडे ही मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं आहे. म्हणजे तुमच्या नातवंडांच्या हयातीतही तो निबंध परक्याचाच.

‘सर्व भाषांत’ हे शब्द मला सगळ्यांत जास्त टोचतात. बडोद्यातली एखादी मुलगी इथल्या मराठी शाळांच्या इतिहासावर इंग्रजीत निबंध लिहिते, कारण इंग्रजीत लिहिला तर तो जास्त मोजला जातो. तोच तिला मराठीत, आपल्या माणसांसाठी, एखाद्या दिवाळी अंकात द्यायचा असतो. भाषांतराचा हक्क हा स्वामित्वहक्काचाच भाग आहे. तो लिहून दिला असेल तर तिला स्वतःच्याच लेखाच्या मराठी भाषांतरासाठी प्रकाशकाची परवानगी मागावी लागेल. ज्यांच्याबद्दल लिहिलं, त्यांच्याच भाषेत ते नेता येऊ नये, हे मला सहन होत नाही.

दुसरीकडे सरकार ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’साठी, म्हणजे सरकारी शिक्षण-संशोधन संस्थांना संशोधन नियतकालिकं वाचायला मिळावीत या योजनेसाठी, २०२५ ते २०२७ या तीन वर्षांत सुमारे ६,००० कोटी रुपये मोजत आहे. आपण फुकट लिहिलं, एकमेकांचं फुकट तपासून दिलं, आणि वाचण्यासाठी पुन्हा पैसे भरतो आहोत. विद्यार्थ्यांना याने मोठी सोय झाली, हे मी नाकारत नाही. पण हिशेब उलटाच आहे.

कायदा लेखकाच्या विरुद्ध नाही, हे आपल्याला ठाऊकच नसतं. १९५७च्या स्वामित्वहक्क कायद्यातलं १९वं कलम वाचा. हक्क हस्तांतरित करायचा तर तो लेखी हवा, सहीनिशी हवा. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून ज्या मराठी नियतकालिकाने तुमच्याकडून कसलाच कागद घेतलेला नाही, त्याच्या पहिल्या पानावर ‘सर्व हक्क राखीव’ छापलेलं असलं तरी तुमचा हक्क तुमच्याकडेच राहतो. लेख पुस्तकात घेताना विचारणं हा सौजन्याचा भाग, तो पाळावाच.

वर्गात वाटायच्या झेरॉक्सबद्दल कुणीतरी विचारलं. २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने रामेश्वरी फोटोकॉपी या झेरॉक्स दुकानावर प्रकाशकांनी केलेल्या खटल्यात अध्यापनासाठी केलेल्या प्रतींना पाठिंबा दिला. पुढच्या वर्षी प्रकाशकांनी दावा मागे घेतला. त्याची धास्ती बाळगू नका.

फॉर्मची धास्ती मात्र बाळगा. संपूर्ण हस्तांतराऐवजी फक्त प्रकाशनाचा परवाना देता येईल का, हे सहीपूर्वी संपादकाला मेलवर विचारा. तेवढं जमलं नाही तर एकच ओळ मागा: ‘भारतीय भाषांतील भाषांतराचा हक्क लेखकाकडे राहील.’ होकार आला तर ती ओळ फॉर्मातच लिहून घ्या, आणि सहलेखक असतील तर सगळ्यांनी वाचूनच सही करा.