बंदराच्या देशाची सही

श्रोते हो, नमस्कार.

तुमच्या घरात नाहीतर शेजारी कुणीतरी बोटीवर असेलच. मुंबईत असं घर शोधत फिरावं लागत नाही. आज मला आंतरराष्ट्रीय करारांविषयी बोलायचं आहे आणि सुरुवात करायची आहे माझगावच्या आमच्या चाळीपासून.

शेजारच्या काकू मूळच्या गुहागरच्या. सात-आठ वर्षांपूर्वी त्यांचा धाकटा एका मालवाहू बोटीवर फिटर म्हणून गेला. दोन महिने पगार आला आणि मग थांबला. पुढचे पाच महिने दमडी नाही. आईला फोनवर म्हणायचा, "होईल गं जमा." मला मात्र खरं सांगायचा. भाजी संपलेली, रोज डाळभात, प्यायचं पाणी गढूळ. तक्रार करायची तर कुणाकडे? मालक एका देशातला, बोटीची नोंदणी आणि तिच्यावरचा झेंडा दुसऱ्याच देशाचा, आणि त्या झेंड्याच्या देशाने खलाशांच्या करारावर सहीच केलेली नव्हती.

मग बोट एका बंदराला लागली. बंदराचा तपासनीस वर आला. त्याने पगाराचे कागद मागितले, भटारखान्यातला फ्रीज उघडून पाहिला. आमच्या पोराने गँगवेपाशी, म्हणजे बोटीवर चढउतार करायच्या शिडीपाशी, त्याला गाठलं आणि मोडक्या इंग्रजीत सगळं सांगून टाकलं. तपासनीस काही बोलला नाही, नुसतं लिहून घेतलं. तक्रार कुणी केली हे कॅप्टनला शेवटपर्यंत कळलं नाही. नाव गुप्त राखायचं हेही त्या करारातच आहे. संध्याकाळी हुकूम आला: पगार चुकते होईपर्यंत बोट हलणार नाही. माल भरलेला, बंदराचं भाडं रोज चढतंय. नवव्या दिवशी सगळ्यांच्या खात्यात पैसे आले. काकूंनी बँकेचा मेसेज माझ्याकडून तीनदा वाचून घेतला, आणि तिसऱ्यांदा ऐकताना त्या दारातच खाली बसल्या.

आता नीट ऐका. सही झेंड्याच्या देशाची नव्हती. सही बंदराच्या देशाची होती. २००६ च्या सागरी कामगार करारात ही तरतूदच आहे: ज्याने सही केली नाही, त्याच्या बोटीला आमच्या बंदरात जास्त सवलत नाही. म्हणजे बाहेर राहून फायदा नाही. उलट करारातल्या देशाचं प्रमाणपत्र असलं की तपासणी लवकर उरकते. म्हणून परक्या मालकांच्या बोटींना आपला झेंडा देणारे देश आपणहून आत आले. सगळ्यात पहिला होता लायबेरिया. करार २०१३ मध्ये लागू झाला, भारत २०१५ मध्ये सामील झाला. सरकारी कागदात याला 'अनुसमर्थन' म्हणतात. मला विचाराल तर 'दुजोरा' पुरे होता. ज्या कागदावर खलाशाची भाकरी अवलंबून आहे, तो त्याच्या आईला वाचता आला पाहिजे. वीजबिलापासून सातबाऱ्यापर्यंत माझं हेच म्हणणं आहे.

नुसत्या धाकाने सगळे येत नाहीत, हेही खरं. ओझोन वाचवण्याचा १९८७ चा माँट्रियल करार आठवा. करारात नसलेल्या देशांशी फ्रीजच्या गॅससारख्या, ओझोनला मारक वायूंचा व्यापार बंद, हा धाक होता. पण फ्रीजचा गॅस बदलायचा खर्च गरीब देशांनी कुठून आणायचा? १९९० मध्ये त्यासाठी निधी उभा राहिला, आणि १९९२ मध्ये भारत आत आला. आज त्या करारात १९८ सदस्य आहेत. धाक हवा आणि मदतीचा हातही हवा.

खलाशांच्या करारातही पुढे तो हात आला. २०१७ पासून मालकाने बोट वाऱ्यावर सोडली तर चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार आणि घरी परतायचा खर्च विम्यासारख्या हमीतून मिळतो. त्या हमीचा कागद बोटीवर सगळ्यांना दिसेल असा लावावा लागतो. तुमचा मुलगा, भाऊ, नवरा बोटीवर चढेल, त्या पहिल्याच दिवशी त्याला त्या कागदाचा फोटो काढून घरी पाठवायला सांगा. काकूंचा धाकटा आता दर वेळी पाठवतो.